उन्हाळ्यात मुकं होणारं पेडल: जुन्या गिटार फझचं किट घरी जोडताना

मिरवणुकीतल्या डीजेचा व्हिडिओ मोबाईलवर काढलाय कधी? समोर उभं असताना आवाज भारी वाटतो. घरी येऊन व्हिडिओ लावला की नुसती खरखर. आपण म्हणतो, 'माईक फाटला'. बहुतेक वेळा माईकला काहीच झालेलं नसतं. आवाज इतका मोठा होता की रेकॉर्डिंगमध्ये त्याला मावायला जागाच उरली नाही, आणि लाटेची टोकं वरून-खालून सपाट कापली गेली. याला क्लिपिंग म्हणतात.

गंमत अशी की हाच दोष इलेक्ट्रिक गिटारवाले साठ वर्षांपासून पैसे मोजून विकत घेतायत. पायाने दाबायची जी छोटी लोखंडी डबी असते, तिला पेडल म्हणतात. डिस्टॉर्शन पेडल म्हणजे गिटारच्या आवाजाची टोकं मुद्दाम कापणारी डबी. जरा जास्तच कापत असेल तर तिला फझ म्हणतात. आणि सध्या १९६०-७० च्या दशकातल्या जुन्या पेडलांच्या हुबेहूब नकला घरी जोडायचे किट मिळतात, तो छंद आपल्याकडच्या पोरांपर्यंतही पोचलाय. आपल्याकडच्या म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्याही. म्हणून हा लेख. यात पैसे वाचवण्याचा एक भाग आहे, आणि आपल्या ऊन्हाचा एक भाग आहे जो परदेशातल्या कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

हा आवाज आला कुठून

अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स या गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं रेकॉर्ड होत होतं. मिक्सिंग कन्सोलमधला एक चॅनेल बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटून भुणभुणत बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम तयार करणारं सर्किट बनवलं. १९६२ मध्ये ते 'मॅस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आलं. सुरुवातीला फार कोणी विचारलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो आवाज वाजला आणि सगळं बदललं.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' काढलं. गोल डबी, माईक स्टँडच्या बुडासारखी. जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर माहीत झालं. आज किट म्हणून सगळ्यात जास्त जोडल्या जाणाऱ्या पेडलांपैकी हे एक आहे, आणि कारण सोपं आहे: आत फक्त ११ भाग आहेत. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरवायचे दोन कंट्रोल. तुमच्या चार्जरमध्ये याहून जास्त भाग असतात!

आत काय चालतं

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल साधारण व्होल्टचा दहावा-पाचवा भाग असतो. पहिला ट्रान्झिस्टर तो वाढवतो, दुसरा आणखी वाढवतो. पण बॅटरी फक्त ९ व्होल्टची. गणिताने आउटपुट ५० व्होल्ट यायला हवं असलं तरी ९ च्या वर लाट जाणार कुठे? टोकं कापली जातात.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे माझ्या डोक्यात हे असं बसतं: आकडा मर्यादेपेक्षा मोठा असेल तर मर्यादेइतकाच ठेव. एक ओळ. मोबाईलमधली गिटार ॲप्स मुळात हेच करतात, फक्त कडा थोड्या गोल करून.

लाट कापल्यावर एक नवीन गोष्ट जन्माला येते. समजा तुम्ही ११० हर्ट्झचा सा वाजवला. कापलेल्या लाटेत २२०, ३३०, ४४० असे त्याच्या पटीतले सूर भरपूर मिसळतात. म्हणून एकच तार छेडली तरी आवाज जाड, भरलेला वाटतो. हे ऐकून शास्त्रीय संगीतवाले नाक मुरडतील, पण तंबोऱ्याची जवारी थोडं असंच काम करते. घोडीचा माथा किंचित गोल घासून आणि तारेखाली दोरा सरकवून मिरजेचे कारागीर तारेला त्या माथ्यावर हलकेच घासत ठेवतात, आणि त्यातून वरचे सूर झणझणत बाहेर येतात. तिथे लाकूड किंवा हाड, इथे ट्रान्झिस्टर.

तंबोऱ्यावरून आणखी एक गोष्ट समजते. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र वाजवले की त्यांची बेरीज-वजाबाकीही ऐकू येते. सा ११० आणि प १६५ घेतले तर वजाबाकी ५५, बेरीज २७५. सगळे आकडे ५५ च्या पटीत, म्हणून आवाज घट्ट येतो. आता सा आणि ग घ्या. गिटारच्या पडद्यांवरचा ग साधारण १३९ हर्ट्झचा. वजाबाकी २९, बेरीज २४९. कशाचा कशाला मेळ नाही, म्हणून चिखल. रॉकवाले डिस्टॉर्शन लावून सा-प अशा दोनच सुरांवर का खेळतात, ते यात आलं. खात्री करायची असेल तर मोबाईलवर स्पेक्ट्रॉइडसारखं स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप टाका आणि पेडल चालू-बंद करून बघा. एका दांडीच्या जागी दांड्यांची रांग उभी राहते.

मलकापूरचं मुकं पेडल

माझा मामेभाऊ मलकापूरचा. लग्नाच्या सीझनला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याने फझ फेसच्या नकलेचं एक किट ऑनलाइन मागवलं, थंडीच्या दिवसांत बुलढाण्याला माझ्याकडे येऊन जोडलं. पहिल्याच दिवशी पेडल झकास वाजलं. मे महिन्यात त्याचा फोन आला, "भाऊ, पेडल मेलं. स्टेजवर नुसतं थुंकल्यासारखं करतंय. सूर उमटतो न उमटतो तोच तुटतो." विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, तुमचं सोल्डरिंग कच्चं आहे, नाहीतर ओरिजिनल ट्रान्झिस्टरची जोडी घ्या, साडेतीन हजार रुपये. लग्नाच्या एका कार्यक्रमाला त्याला जे मिळतं, त्याच्या दुप्पट ही रक्कम.

मी त्याला सांगितलं, पैसे पाठवू नको. पेडल अर्धा तास कूलरसमोर ठेव आणि परत वाजव.

वाजलं.

सोल्डरिंग पक्कं होतं. अडचण जर्मेनियमची होती. १९६६ च्या फझ फेसमध्ये एनकेटी २७५ नावाचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. काहींत एसी १२८ असत. पुढे सगळं जग सिलिकॉनकडे वळलं. आपल्याकडेही भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात बेंगळुरूला जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला घेतले होते, आणि आजोबांच्या काळच्या ट्रान्झिस्टर रेडिओत ते सापडतात. जर्मेनियमचा आवाज मऊ, ऊबदार असतो म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण त्यात एक खोड आहे: गळती. ट्रान्झिस्टर हा नळ समजा. बेस ही त्याची तोटी. जर्मेनियमचा नळ तोटी पूर्ण बंद केली तरी ठिबकत राहतो. आणि तापमान दर ८-१० अंशांनी वाढलं की हे ठिबकणं साधारण दुप्पट होतं.

आता हिशोब करू. मूळ सर्किटमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरला बॅटरीकडून करंट मिळतो तो ३३ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून. ९ भागिले ३३ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ०.२७ मिलिॲम्पिअर. थंडीत २२ अंशांना त्या ट्रान्झिस्टरची गळती ०.१२ मिलिॲम्पिअर होती. चालून जातं, सर्किट स्वतःला सावरून घेतं. मे महिन्यात रात्री मांडवात, लाईटजवळ, डबीच्या आत ४२ अंश धरा. वीस अंश वाढले, म्हणजे गळती चौपट किंवा जास्तच: अर्धा मिलिॲम्पिअर. रेझिस्टर देऊ शकतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. पहिला ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडतो, सगळा करंट खाऊन टाकतो, आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. दुसरा जवळपास बंद. मोठा झटका आला की क्षणभर जागा होतो, सूर उतरला की परत झोपतो. तेच ते 'थुंकणं'.

म्हणजे एकच पेडल बुलढाण्यात वाजेल आणि राजूर घाट उतरून मलकापूरला गेलं की रुसेल, हे अगदी शक्य आहे. लंडनच्या हवेत बनलेल्या सर्किटकडून नांदुरा-मलकापूरच्या मे महिन्याची अपेक्षा कोणी केली नव्हती.

आणि ते साडेतीन हजारांचे 'ओरिजिनल' ट्रान्झिस्टर घेतले असते तरी हेच झालं असतं. गळती कमी आहे की नाही, हे डबीवर छापलेल्या नंबरवरून कळत नाही. एकाच नंबरच्या, एकाच खोक्यातल्या दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझं स्पष्ट मत: न मोजता 'व्हिंटेज ओरिजिनल' म्हणून विकला जाणारा ट्रान्झिस्टर घेऊ नका, मग तो दोनशेचा असो की दोन हजारांचा.

दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरने मोजायचं कसं

सगळ्यात आधी तो जर्मेनियम आहे का ते बघा, कारण सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर जुना नंबर छापून विकण्याचा धंदा जोरात आहे. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि बेस व एमिटर या दोन पायांवर लावा. काहीच नाही आलं तर वायरी उलट करा. ०.१५ ते ०.३ च्या दरम्यान आकडा आला तर जर्मेनियम. ०.६ च्या आसपास आला तर सिलिकॉन, वर काहीही छापलेलं असो. दहा सेकंदांचं काम आहे. दुकानात उभं राहून करा, कोणी काही म्हणत नाही.

मल्टिमीटरवर एचएफई नावाचा गोल सॉकेट असतो, गेन दाखवणारा. जर्मेनियमसाठी त्यावर विसंबू नका. मीटर बेसमध्ये थोडासा, समजा १० मायक्रोॲम्पिअर करंट सोडतो आणि पलीकडे किती आला ते बघतो. गळतीचे ३०० मायक्रोॲम्पिअर त्यात मिसळले तर गेन ३० ने जास्त दिसतो. गळका माल मीटरवर उलट चांगलाच दिसतो!

त्याऐवजी आर. जी. कीन या अमेरिकी इंजिनिअरने लोकप्रिय केलेली युक्ती वापरा. ९ व्होल्टची बॅटरी घ्या. जर्मेनियमचे हे जुने ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे असतात, म्हणून एमिटर बॅटरीच्या प्लसला. कलेक्टरपासून २.४ किलो-ओहमचा रेझिस्टर लावून तो मायनसला. बेस मोकळा सोडा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. ही गळती. ०.२४ व्होल्ट आले तर गळती ०.१ मिलिॲम्पिअर. मग बेसपासून २.२ मेगा-ओहमचा रेझिस्टर मायनसला लावा. आता बेसमध्ये ४ मायक्रोॲम्पिअर जातात आणि आकडा वाढतो. समजा १.०४ झाला. दोन आकड्यांची वजाबाकी ०.८०, त्याला शंभराने गुणा: खरा गेन ८० च्या आसपास. मोजताना ट्रान्झिस्टर बोटात धरू नका. बोटाच्या ऊबेनेही आकडा सरकताना दिसतो, आणि तो सरकताना एकदा मुद्दाम बघाच. वर सांगितलेलं सगळं तिथे डोळ्यांसमोर घडतं.

फझ फेससाठी पहिला ट्रान्झिस्टर ७० ते ८५ गेनचा, दुसरा ११० ते १३० चा असावा असं जाणकार सांगतात. आपल्या भागासाठी माझी एक जादा अट: पहिल्याची गळती खोलीच्या तापमानाला ०.०५ मिलिॲम्पिअरच्या आत हवी. असे तुकडे कमी मिळतात. दहा तपासले तर एखादा.

मग बनवायचं कोणतं

पहिलं पेडल बनवत असाल तर सिलिकॉनचं बनवा. ही तडजोड वाटायला नको. फझ फेसच्या कंपनीनेच काही वर्षांत बीसी १०८ सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर वापरायला सुरुवात केली होती, म्हणजे हीसुद्धा 'व्हिंटेज' नक्कलच. आवाज थोडा जास्त धारदार येतो. पण सिलिकॉनची गळती इतकी नगण्य असते की मे महिना असो की डिसेंबर, पेडलला फरक पडत नाही. बीसी १०८ ऐवजी दोन-चार रुपयांचा बीसी ५४७ चालतो. फक्त पायांचा क्रम वेगळा असतो: बीसी ५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

परदेशी किटचं पोस्टेज आणि कस्टम्स भरण्यापेक्षा भाग इथेच गोळा करा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ गाठता आली तर उत्तम, नाहीतर ऑनलाइन. दुकानात कपॅसिटरला 'कंडेन्सर' म्हणा, लवकर मिळेल. रेझिस्टर हवेत ३३ किलो, ८.२ किलो, ४७० ओहम आणि १०० किलो. कंडेन्सर २.२ मायक्रोफॅरड, २२ मायक्रोफॅरड (मूळचा २० चा, पण तो आता सहसा मिळत नाही) आणि ०.०१ मायक्रोफॅरड. फझचा कंट्रोल १ किलोचा, व्हॉल्यूमचा ५०० किलोचा. झीरो पीसीबीचा आगपेटीएवढा तुकडा पुरतो. सगळ्यात महाग वस्तू म्हणजे पायाने दाबायचा नऊ पिनांचा स्विच. माझ्या शेवटच्या पेडलचा सगळा खर्च सातशेच्या आत बसला.

डबी धातूचीच हवी. प्लास्टिकच्या डबीत घरातल्या वायरिंगची गुणगुण शिरते आणि पेडल ती हजारपट मोठी करून देतं. इलेक्ट्रिकलच्या दुकानात भिंतीत बसवायचा लोखंडी मॉड्युलर बॉक्स मिळतो, तो झकास. ग्राउंडची वायर डबीला जोडायला विसरू नका. तरीही सिलिकॉनचं फझ कधी कधी मीडियम वेव्ह रेडिओ पकडतं. गिटार खांद्यावर आणि स्पीकरमधून बातम्या! दोन्ही ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर टाकला की बंद होतं.

८.२ किलोच्या जागी २२ किलोचा प्रीसेट लावा. सगळं जोडून झालं की दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर व्होल्टेज मोजा आणि प्रीसेट फिरवत ते साडेचारवर आणा. बॅटरीच्या बरोबर अर्ध्यावर, म्हणजे लाटेला वर आणि खाली दोन्हीकडे जागा. मामेभावाच्या पेडलात गरमीत हा आकडा आठच्या वर गेला होता. तिथे प्रीसेटने काम भागणार नव्हतं, कारण उपाशी दुसरा होता आणि खादाड पहिला. त्याला मी दोन्ही सिलिकॉन टाकून दिले. सिलिकॉनचे हे ट्रान्झिस्टर एनपीएन जातीचे, त्यामुळे बॅटरीची आणि ध्रुव असलेल्या कंडेन्सरची दिशाही उलटवावी लागली. जर्मेनियमची जुनी जोडी त्याने जपून ठेवलीय, थंडीसाठी.

बॅटरीच्या दिशेवरून एक गोष्ट नीट वाचा. जर्मेनियमच्या मूळ सर्किटमध्ये बॅटरीचा प्लस ग्राउंडला असतो, बाकी जवळपास सगळ्या पेडलांत मायनस असतो. एकाच ॲडॉप्टरला वायरी काढून दोन्ही प्रकारची पेडलं जोडली तर ॲडॉप्टर सरळ शॉर्ट होतो. जर्मेनियमचं पेडल कायम स्वतंत्र बॅटरीवर चालवा. पाऊण मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट लागतो, साधी ९ व्होल्टची बॅटरी कित्येक महिने जाते. इनपुटला स्टिरिओ जॅक वापरला तर केबल काढली की बॅटरी आपोआप तुटते, आणि केबल आत राहिली की पेडल बंद दिसत असलं तरी बॅटरी संपत राहते.

गिटार थेट फझमध्ये लावा, मध्ये दुसरं पेडल नको. फझ फेस पिकअपवर ओझं टाकतं, आणि त्यामुळेच गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली केला की आवाज चक्क स्वच्छ होतो. हाताने असं रंग बदलणं मला मोबाईलच्या ॲपमध्ये अजून तसं मिळालेलं नाही. शिवाय ॲपमध्ये तार छेडणं आणि आवाज येणं यात काही मिलिसेकंद जातात, ते बोटांना कळतं.

गिटार नसेल तर? आपल्याकडे गिटारपेक्षा बेंजो जास्त. पिकअप लावलेला बेंजो याच पेडलात लावून बघा, वरातीतला नेहमीचा आवाज ओळखू येणार नाही. आणि दोन-चार पेडलं बनवून विकायचा विचार आला तर जरूर विका, मुंबईची ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन स्वतःच्या डिझाईनची फझ पेडलं बनवतेच आहे. मात्र डबीवर 'फझ फेस' लिहू नका. सर्किट साठ वर्षं जुनं आहे, पण ते नाव आज डनलॉप कंपनीचा ट्रेडमार्क आहे. मामेभावाने त्याच्या डबीवर ऑइल पेंटने 'राजूर घाट' लिहिलंय.